विल्सनच्या हॉटेलातील चार रात्री

मराठी वाचकाला कलकत्ता भेटते ते आधी पुस्तकात. माझ्या पिढीतील मराठीच्या अनेक विद्यार्थ्यांनी ते शहर पाहण्यापूर्वी मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांतून त्याच्या गल्ल्या हिंडून घेतल्या होत्या. त्या जगातील तरुण खेड्यातून शहरात येतात ते मेसमध्ये उतरतात. एका खोलीत चारचौघे, सामाईक स्वयंपाकी आणि महिनाअखेरीस थकलेले बिल. त्यामुळे कलकत्त्यातील मुक्काम म्हणजे मेस, असे माझ्या मनात पक्के बसले होते. प्रत्यक्षात त्या शहरात मी पहिल्यांदा राहिलो तो मेसमध्ये नव्हे, तर एके काळी व्हाइसरॉयच्या दरबारी पाहुण्यांना अपुऱ्या पडणाऱ्या आणि आम्ही गेलो तेव्हा सरकारी मालकीच्या झालेल्या एका हॉटेलात. त्या चार रात्रींविषयी लिहायचे असे मी वीस वर्षांहून अधिक काळ ठरवीत आलो आहे. ते आजवर का जमले नाही, हेही या लेखातच सांगावे लागेल.

डिसेंबर २००२ मधली गोष्ट. एम. ए. होऊन मला जेमतेम वर्ष झाले होते. आमचे सर तौलनिक साहित्यावरील एका चर्चासत्रासाठी कलकत्त्याला निघाले होते आणि त्यांची पुस्तके वाहण्याच्या निमित्ताने मीही त्यांच्याबरोबर होतो. शहराचे नाव अधिकृतपणे कोलकाता होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत आली होती. सर मात्र कलकत्ता हेच नाव उच्चारीत. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात उतरण्याचा आमचा बेत होता, पण तिथे लग्नाची मंडळी आलेली असल्याने जागा मिळाली नाही. बाहेर पायरीवर सामान ठेवून सर क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘चल, मग विल्सनच्या हॉटेलात जाऊ.’’

टॅक्सी थांबली ती राजभवनापासून हाकेच्या अंतरावर, ओल्ड कोर्ट हाउस स्ट्रीटवर. या रस्त्याला आता हेमंत बसू सरणी म्हणतात. पदपथावर आलेल्या खांबांच्या लांबलचक ओवरीखाली पाटी होती ती ‘ग्रेट ईस्टर्न हॉटेल’ अशी. विल्सनचे नाव कुठेही दिसेना. मी तसे बोलून दाखवताच सर म्हणाले, ‘‘पाटीवर मालकाचे नाव असते. लोकांच्या तोंडात असते ते वेगळे.’’

या विल्सनची हकिकत थोडक्यात अशी. कलकत्त्यात युरोपीय धर्तीचे हॉटेल सुरू करण्याचा मान सामान्यतः जॉन स्पेन्स याला दिला जातो. त्याचे ‘स्पेन्सेस हॉटेल’ १८३० मध्ये उघडले. बॅरिस्टर होऊन १८६७ साली परतलेला मायकेल मधुसूदन दत्त याच स्पेन्सेसमध्ये न परवडणाऱ्या थाटात राहिला, हे बंगाली साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. डेव्हिड विल्सन हा मूळचा पाववाला. केक, पाव, मिठाई यांचा त्याचा व्यवसाय. १८४०-४१ च्या सुमारास त्याने हॉटेल काढले आणि त्याला तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड याचे नाव दिले. वर खोल्या आणि खाली नाना वस्तूंचे भांडार, अशी त्याची रचना होती. ऑकलंडचे घराणे ईडन. त्याच्या बहिणींची स्मृती ईडन गार्डनच्या नावात टिकून राहिली. हॉटेलाला दिलेले ऑकलंड हे नाव मात्र टिकले नाही. १८६० च्या दशकात धंदा वाढला, कंपनी स्थापन झाली आणि ‘ग्रेट ईस्टर्न’ हे नाव पुढे आले. सामान्य बंगाली माणसाने यांपैकी एकाही नावाची दखल घेतली नाही. त्याच्या लेखी ते विल्सनचे हॉटेल होते आणि विल्सनचे म्हणजे पाववाल्याचे.

आम्हाला मिळालेली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. छत दोन पुरुष उंच, लांब दांडीचा पंखा, पितळी कड्यांची दारे आणि एकट्या माणसाला हलवता न येणारे लाकडी कपाट. जिन्यावरचा गालिचा मधोमध झिजून त्याची वीण उघडी पडली होती आणि त्या झिजण्यातही एक शिस्त होती. दीड शतकभर माणसे जिन्याच्या मधूनच चढतात, हे त्यावरून समजत होते. रात्री रहदारी ओसरली की ट्रामची घंटा लांबून ऐकू येई. मी एका तालुक्याच्या गावातून आलेलो, एस. टी. स्टँडजवळच्या लॉजपलीकडे हॉटेलाचा अनुभव नसलेला मुलगा. त्या खोलीत शिरताना मी चपला दाराबाहेर काढल्या. सर हसले, पण काही बोलले नाहीत.

सकाळी चहा घेऊन एक वृद्ध बेअरा आला. पांढरा गणवेश, कमरेला पट्टा, हातातल्या ट्रेला जराही कंप नाही. सरांनी त्याला ‘चाचा’ म्हणून हाक मारली तेव्हा तो किंचित चमकला. कुठून आलात, असे त्याने विचारले. महाराष्ट्रातून, असे मी सांगताच त्याच्या चेहऱ्यावर मिस्कील हसू उमटले आणि तो म्हणाला, ‘‘म्हणजे बोर्गी!’’

बंगालमधील आया अजूनही मुलांना बर्गींची भीती घालून झोपवतात, हे मी ऐकून होतो. पण कुणी तोंडावर तसे म्हणण्याची ही पहिलीच वेळ. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून सुमारे दहा वर्षे बंगालवर चालून जात राहिल्या. ‘बर्गी’ हे आपल्याच ‘बारगीर’ शब्दाचे बंगाली रूप. ज्याचा घोडा आणि हत्यारे सरकारची, तो बारगीर. ज्याची स्वतःची, तो शिलेदार. आपल्या शाळेतील इतिहासात या स्वाऱ्या चौथाईच्या वसुलीच्या दोन ओळींत आटोपतात. बंगालच्या स्मृतीत मात्र त्या जळालेल्या गावांच्या रूपाने राहिल्या आणि गंगाराम या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्यांचे वर्णन करून ठेवले. भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये अलीवर्दीखानाच्या छावणीत दग्याने मारला गेला, हे आपल्याला सांगितले जाते. तोच भास्कर पंडित तिकडे कसा आठवला जातो हे सांगितले जात नाही. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये ‘मराठा डिच’ म्हणून खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठेही तिथवर पोहोचले नाहीत. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला.

सरांनी हे सारे त्या बेअऱ्याला हिंदीतून समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, ‘‘तर चाचा, अडीचशे वर्षे उशीर झाला, पण आलो. आता चहा द्या.’’ तो मनापासून हसला. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाबरोबर विल्सनच्या भट्टीतला पाव येऊ लागला. तो जाड कापलेला, कडा खरपूस असलेला पाव आणि त्यावर विरघळणारे लोणी यांची चव माझ्या जिभेवर अजून आहे. त्या काळी शहरभर ग्रेट ईस्टर्नचा पाव विकला जाई. हॉटेलाची पायरी कधीही न चढलेली हजारो कुटुंबे त्याला ओळखत ती त्या पावामुळे.

या पावालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातील बंगाली उपहासलेखनात ‘विल्सनच्या हॉटेलात जाणे’ हा जणू वाक्प्रचारच झाला होता. इंग्रजी शिकलेला बाबू बिघडला हे सांगायचे, तर तो विल्सनकडे जेवतो एवढे म्हटले की पुरे. म्लेंच्छाच्या हातचा पाव खाणे हा एका पिढीसाठी बंडाचा विधी होता आणि दुसरीसाठी भ्रष्टतेचा पुरावा. हे वाचताना मराठी माणसाला पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा आठवल्यावाचून राहत नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हात लावून ठेवला. गोपाळराव जोशी यांनी ही नावे ‘पुणे वैभव’मध्ये प्रसिद्ध करविली आणि त्यावरून माजलेले ग्रामण्य प्रायश्चित्तांपर्यंत पोहोचले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, याचे त्यांच्या अनुयायांना फार वाईट वाटले.

आणि हे गोपाळराव जोशी कोण? आनंदीबाईंचे पती. टपाल खात्याच्या नोकरीत ते कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला होते, तेव्हाच फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी तिथल्या कॉलेजात आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगणारे भाषण केले आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या बंदरातून त्या निघाल्या. परदेशी जाऊनही आपला आहार आणि आचार सोडणार नाही, असे त्यांनी त्या भाषणात निक्षून सांगितले होते. ‘आनंदी गोपाळ’ वाचलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना मी हे तीन प्रसंग शेजारी ठेवून पाहायला सांगतो: विल्सनचा पाव, आनंदीबाईंचे भाषण, पंचहौदचा चहा. आपल्याकडील आधुनिकतेची कसोटी ग्रंथांइतकीच ताटातही लागली, हे त्यावरून स्पष्ट होते. हा धडा मला कोणत्याही समीक्षाग्रंथाने शिकवला नाही. तो त्या चार दिवसांतील न्याहारीच्या टेबलावर सरांनी शिकवला.

मी मात्र तेव्हा वेगळ्याच नादात होतो. या हॉटेलात कोणकोण मोठी माणसे राहून गेली, याची यादी मी एका वहीत करीत होतो. कॉलेजच्या वार्षिकासाठी झकास लेख होईल असा माझा हिशेब होता. किपलिंगचे नाव पहिले. त्याच्या ‘सिटी ऑफ ड्रेडफुल नाइट’ या कथेत या हॉटेलाचा उल्लेख आहे, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. त्याखाली मार्क ट्वेन: सुवेझच्या पूर्वेचे सर्वोत्तम हॉटेल असा दाखला त्याने ग्रेट ईस्टर्नला दिला, असेही सगळीकडे सांगितले जाते.

तिसऱ्या दिवशी सरांनी माझी वही पाहिली आणि मला नॅशनल लायब्ररीत नेले. वाचनालय तेव्हा अलीपूरच्या बेल्व्हेडिअर प्रासादात होते. सरांनी दोन्ही लेखकांची पुस्तके मागवली आणि माझ्यासमोर ठेवली. किपलिंगच्या बाबतीत घोळ असा, की त्याने जेम्स थॉमसनच्या दीर्घकवितेचे हे शीर्षक दोनदा उचलले आहे. १८८५ चे पहिले लेखन लाहोरच्या उकाड्यातील एका रात्रीविषयी आहे आणि पुढे ते त्याच्या कथासंग्रहात गेले. दुसरे म्हणजे १८८८ मधील कलकत्त्यावरील लेखमाला, जी १८९१ मध्ये पुस्तकरूपाने आली. गजबजलेल्या, दारे आपटणाऱ्या, देशोदेशींच्या माणसांनी भरलेल्या ग्रेट ईस्टर्नचे वर्णन आहे ते या दुसऱ्यात. म्हणजे तो उल्लेख कथेतला नव्हे, वृत्तपत्रीय प्रवासलेखनातला. ट्वेन १८९६ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात होता. त्याच्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७ च्या ग्रंथातील कलकत्त्याच्या प्रकरणात ऑक्टरलोनीचा उंच स्तंभ आहे, ब्लॅक होलची कहाणी आहे. हॉटेलाला दिलेला तो दाखला मात्र नाही.

मी हिरमुसलो. सर म्हणाले, ‘‘पाहुण्यांची नावे हे हॉटेलाचे भांडवल असते. ते वाढवून सांगितले जाणारच. त्यात गैर काही नाही. पण आपण ते धंद्याचे कागद इतिहास म्हणून वाचू नयेत.’’ मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘‘तुझ्या वहीत चहा आणणाऱ्या चाचांचे काय लिहिले आहेस?’’

काहीच लिहिले नव्हते.

त्या संध्याकाळी सरांनी चाचांना खुर्चीवर बसायला सांगितले. ते बसले नाहीत. पाहुण्यासमोर बसण्याची सवय नाही म्हणाले. उभ्या उभ्याच अर्धा तास बोलले. ते पोरगेलेसे असताना बिहारमधून आले ते वडिलांच्या मागोमाग. वडील इथल्याच भट्टीवर होते. पहाटे तीनला कणीक तिंबण्यापासून कामाला सुरुवात होई. पुढे मुलाला वरच्या मजल्यावर काम मिळाले, हे वडिलांना बढतीसारखे वाटले. काटे कोणत्या बाजूला, सुऱ्या कोणत्या, पाहुणा वाचत असेल तर आवाज न करता कप कसा ठेवायचा, हे एका वयस्क गोव्याच्या स्ट्यूअर्डने शिकवले. नक्षलवादी चळवळीच्या वर्षांत संध्याकाळी रस्ते ओस पडत, तेव्हा पंचवीस टेबले मांडून ते एकेका गिऱ्हाइकाची वाट पाहत. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मेजावरील घडी केलेला रुमाल मात्र ते पुन्हा पुन्हा सरळ करीत होते.

हॉटेलाच्या ओहोटीची कारणे इतिहासाच्या पुस्तकात वेगळ्या क्रमाने येतात. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि दरबारी पाहुण्यांचा ओघ हळूहळू वळला. चौरंगीवरचे ग्रँड हॉटेल १९३८ पासून ओबेरॉय यांच्या हाती नव्याने उभे राहिले आणि स्पर्धा वाढली. महायुद्धाच्या काळात शहर लष्कराने भरले तेव्हा हॉटेलांना पुन्हा बरकत आली, ती तात्पुरतीच. साठोत्तरीत कारखाने आणि कंपन्यांची मुख्यालये कलकत्त्याबाहेर जाऊ लागली, कामगारसंघर्ष पेटले, विजेचा तुटवडा सुरू झाला. १९७५ मध्ये राज्य सरकारने ग्रेट ईस्टर्नचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले आणि १९८० मध्ये ते सरकारी मालकीचे झाले. नोकऱ्या वाचल्या, पण पंचतारांकित स्पर्धेत लागणारे भांडवल सरकारजवळ नव्हते. नव्वदीच्या दशकात एका फ्रेंच कंपनीशी झालेली बोलणी कामगार संघटनांच्या विरोधामुळे फिसकटली. आम्ही उतरलो तेव्हा विक्रीची चर्चा पुन्हा सुरू होती आणि स्वेच्छानिवृत्ती हा शब्द जिन्याजिन्यावर कानी येत होता.

चाचांनी सरांना शेवटी एकच गोष्ट विचारली: एकरकमी पैसे घेऊन गावी जावे, की शेवटपर्यंत थांबावे? सर साहित्याचे प्राध्यापक. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘चाचा, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही.’’ अनेक भाषांतील अनेक कादंबऱ्यांवर अधिकाराने बोलणाऱ्या सरांना एवढे निरुत्तर झालेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

रात्री त्यांनी मला शंकरच्या ‘चौरंगी’ची गोष्ट सांगितली. १९६२ ची ही बंगाली कादंबरी शाहजहान नावाच्या कल्पित हॉटेलात घडते आणि ती पाहुण्यांच्या नव्हे, तर काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून सांगितली आहे. तिथे मॅनेजर मार्को पोलो आहे, सत्यसुंदर बोस ऊर्फ साटा बोस आहे, आणि चादरी-उशांचा हिशेब ठेवणारे नित्यहरीबाबू आहेत. ज्या चादरींवर शहराची सारी पापे उतरतात त्या मोजून मोजून हा माणूस सतत हात धूत राहतो. सर म्हणाले, ‘‘हॉटेलावर लिहिण्याची हीच योग्य जागा आहे. पाहुणा चार रात्री राहतो आणि त्याला वास्तूची हुरहूर लागते. ती हुरहूर खोटी नसते. पण तिची किंमत त्याने दिलेली नसते.’’

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कारण जुन्या वास्तूंविषयी आपण जी हळहळ व्यक्त करतो ती नेमकी कशाची, हा प्रश्न त्यात होता. ज्या जिन्यावरून माझ्या पणजोबांना वर जाता आले असते की नाही याची मला शंका आहे, त्या जिन्याच्या झिजलेल्या गालिच्यावर मी का गहिवरावे? वसाहतीच्या वैभवाविषयीचे प्रेम हे आपल्यातील जुन्या गुलामीचेच सभ्य रूप आहे, असे कुणी म्हणेल. मला ते सर्वस्वी पटत नाही. ती वास्तू व्हाइसरॉयची होती तशीच पहाटे तीनला कणीक तिंबणाऱ्या माणसाचीही होती; त्याच्या दोन पिढ्यांचे कौशल्य त्या भिंतींत मुरलेले होते. हळहळ त्या कौशल्यासाठी असेल तर तिला अर्थ आहे. नुसत्या झुंबरांसाठी असेल तर नाही.

पुढे २००५ मध्ये सरकारने हॉटेल एका खाजगी कंपनीला विकले. कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली आणि राज्यातील सरकारी उद्योगांच्या या पुनर्रचनेला ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीचे साहाय्य होते. विल्सनच्या भट्टीवरील माणसांचा शेवटचा हिशेब अशा रीतीने अंशतः लंडनहून चुकता झाला. दर्शनी भाग राखून, आतून पुष्कळसे नव्याने बांधून, हॉटेल नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘ललित ग्रेट ईस्टर्न’ या नावाने पुन्हा उघडले.

२०१६ मध्ये एका चर्चासत्रासाठी मी पुन्हा कलकत्त्याला गेलो. सर त्याआधी दोन वर्षांपूर्वी गेले होते. तिथे राहणे आता माझ्या आवाक्यात नव्हते, पण त्या ओवरीतून चालत गेलो आणि रस्त्याकडेच्या बेकरीत एक पाव घेतला. काउंटरवरचा तरुण मोठा अगत्यशील होता. जुन्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाची माहिती मिळेल का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘नाव सांगा, दादा. आत विचारून येतो.’’

मी गप्प उभा राहिलो. माझ्या वहीत किपलिंग होता, खोडलेला ट्वेन होता, विल्सन, ऑकलंड आणि स्पेन्स होते. सरांच्या सांगण्यावरून त्या संध्याकाळी मी कणकेची वेळ लिहिली होती, काट्या-सुऱ्यांची बाजू लिहिली होती, रुमालाची घडीसुद्धा लिहिली होती. चाचांचे नाव विचारायचे मात्र राहून गेले होते. चार दिवस त्यांना चाचा म्हणण्यात आम्हाला जे समाधान वाटले, त्यानेच ते विचारण्याची गरज भासू दिली नाही.

पाव कागदात बांधून घेतला आणि समोरच्या राजभवनाच्या कुंपणालगत उभे राहून खाल्ला. कडा खरपूस होत्या. आता वर्गात इतिहासलेखनाविषयी बोलताना मी विद्यार्थ्यांना पुस्तकांची यादी नंतर देतो. ज्याच्याशी बोलाल त्याचे नाव आधी विचारा आणि लिहून घ्या, हे पहिल्यांदा सांगतो.